किसान क्रेडिट कार्ड

किसान क्रेडिट कार्ड हे शेतीच्या हंगामी खर्चासाठी व्यापारी बँका, ग्रामीण बँका आणि सहकारी संस्थांमार्फत भारतातील शेतकऱ्यांना दिले जाणारे पतसाधन आहे. ही योजना १९९८ साली सुरू झाली. वेळेवर परतफेड करणाऱ्याला केंद्र शासनाच्या व्याज सवलतीमुळे या कार्डावरील ३ लाख रुपयांपर्यंतचे अल्पमुदतीचे कर्ज वार्षिक ४ टक्के दराने पडते. महाराष्ट्रात राज्य शासनाची सवलत त्यात मिळवली, तर पीककर्जावरील व्याज शून्यावर येऊ शकते. देशात सर्वसामान्य नागरिकाला मिळू शकणाऱ्या कार्डांमध्ये इतके स्वस्त दुसरे कार्ड नाही. तरीही प्रत्यक्ष शेत कसणाऱ्यांपैकी अनेकांना ते मिळत नाही. बटईदार, ठेक्याने शेती करणारे, सामाईक खात्यातील वारस, सातबारावर नाव नसलेल्या स्त्रिया आणि तलावांवर उपजीविका करणारे मच्छीमार यांच्यासाठी ते आजही दुर्मीळ आहे. पूर्व विदर्भातील धानाच्या पट्ट्यात, विशेषतः गोंदिया जिल्ह्यात, ही विसंगती ठळकपणे दिसते.

नाव आणि स्वरूप

नावात ‘क्रेडिट कार्ड’ असले, तरी शहरी ग्राहकाच्या परिचयाच्या क्रेडिट कार्डाशी याचे साम्य मर्यादित आहे. तांत्रिक भाषेत हे ‘रोख पत’ प्रकारचे कर्जखाते आहे. बँक एक मर्यादा मंजूर करते. त्या मर्यादेत शेतकरी हवी तेव्हा, हवी तितकी रक्कम उचलतो, हाती पैसा आला की भरतो आणि पुन्हा उचलतो. व्याज मंजूर मर्यादेवर लागत नाही, उचललेल्या रकमेवर आणि ती जितके दिवस वापरली तितक्या दिवसांचेच लागते. खात्यात कर्जापेक्षा जास्त रक्कम जमा झाल्यास त्या शिलकीवर बचत खात्याच्या दराने व्याज मिळते. या खात्याला जोडून मिळणारे प्लॅस्टिकचे रूपे कार्ड हे खरे पाहता डेबिट कार्ड असते. एटीएममधून पैसे काढणे किंवा खत-बियाण्यांच्या दुकानातील यंत्रावर बिल चुकवणे यासाठी ते वापरता येते.

सुरुवातीच्या काळात हे कार्ड प्लॅस्टिकचे नव्हते. शेतकऱ्याचे छायाचित्र, पत्ता, जमिनीचा तपशील, कर्जमर्यादा आणि वैधतेचा काळ नोंदवलेले ते एक पासबुकवजा पुस्तक होते. जुन्या खातेदारांच्या घरी अशी पुस्तके आजही सापडतात.

नेहमीच्या क्रेडिट कार्डाचे देयक दर महिन्याला येते. किसान कार्डाचे चक्र मात्र पिकाबरोबर फिरते. जून-जुलैमध्ये पऱ्हे टाकणे, चिखलणी आणि रोवणी यांसाठी पैसा लागतो, धान हाती येतो तो नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आणि खरिपाच्या कर्जाची परतफेड सामान्यतः ३१ मार्चपर्यंत अपेक्षित असते. महिन्याच्या पगारावर बेतलेले कर्ज धान उत्पादकाच्या उपयोगाचे नाही, ही साधी गोष्ट बँकव्यवस्थेच्या गळी उतरायला बराच काळ लागला.

पूर्वपीठिका

१८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सुरू झालेल्या सावकारांविरुद्धच्या उठावाने शेतकऱ्याच्या कर्जाचा प्रश्न सरकारदरबारी पोचवला. त्यातून १८७९ चा दख्खन कृषक साहाय्य कायदा आला आणि पुढे १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्याने सहकारी पतपुरवठ्याचा पाया घातला. परंतु स्वातंत्र्यानंतर १९५१-५२ मध्ये झालेल्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा सुमारे ३ टक्केच असल्याचे आढळले. उरलेल्या कर्जात सर्वांत मोठा भाग सावकारांचा होता. १९६९ च्या बँक राष्ट्रीयीकरणानंतर आणि १९८२ मध्ये नाबार्डची स्थापना झाल्यावर चित्र पालटले. तथापि, दर हंगामाला नवा अर्ज, नवे दाखले आणि नवी मंजुरी हा क्रम कायम राहिला. मंजुरी येईपर्यंत रोवणीचे दिवस निघून जात.

कृषी पतपुरवठ्याचा अभ्यास करणाऱ्या र. वि. गुप्ता समितीच्या शिफारशींच्या पार्श्वभूमीवर तत्कालीन अर्थमंत्री यशवंत सिन्हा यांनी १९९८-९९ च्या अर्थसंकल्पात किसान क्रेडिट कार्डाची घोषणा केली. नाबार्डने नमुना योजना तयार केली आणि ऑगस्ट १९९८ पासून बँकांनी ती राबवण्यास प्रारंभ केला. २००४ मध्ये शेतीतील भांडवली गुंतवणुकीच्या कर्जाचाही तिच्यात समावेश झाला. २०१२ मध्ये टी. एम. भसीन कार्यगटाच्या शिफारशींनुसार योजनेची फेररचना होऊन ५ वर्षे वैध असणारे, एटीएमवर चालणारे कार्ड रूढ झाले. २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात पशुपालक आणि मत्स्यव्यावसायिकांनाही ही सुविधा देण्याचे जाहीर करण्यात आले.

कर्जमर्यादा कशी ठरते

शहरातील क्रेडिट कार्डाची मर्यादा पगारावर ठरते. किसान कार्डाची मर्यादा ठरते ती क्षेत्र आणि पीक यांवर. प्रत्येक पिकासाठी हेक्टरी किती कर्ज द्यावे याचा दर जिल्हास्तरीय तांत्रिक समितीच्या शिफारशीने दरवर्षी ठरतो. त्याला ‘पीककर्ज दर’ म्हणतात. पीकक्षेत्राला या दराने गुणून आलेल्या रकमेत काढणीपश्चात आणि घरगुती गरजांसाठी १० टक्के, शेतीची अवजारे व इतर मालमत्तेच्या देखभालीसाठी २० टक्के आणि विम्याचा हप्ता मिळवला की पहिल्या वर्षाची मर्यादा येते. पुढील चार वर्षांत ती दरसाल १० टक्क्यांनी वाढते.

उदाहरणादाखल, हेक्टरी ६०,००० रुपये दर असलेले पीक १ हेक्टरात घेतले आहे असे समजू. देखभाल आणि घरखर्चाचा भाग मिळवून, विमा वगळता, पहिल्या वर्षाची मर्यादा ७८,००० रुपये होते. दुसऱ्या वर्षी ती ८५,८०० आणि पाचव्या वर्षी सुमारे १,१४,२०० रुपये होते. यातील घरखर्चाचे १० टक्के लक्षात घेण्याजोगे आहेत. शेतकऱ्याच्या घरातील आजारपण आणि मुलांच्या शाळेचा खर्च हंगाम पाहून येत नाही, याची अधिकृत दखल पीककर्जाच्या हिशेबात येथे घेतली गेली. अत्यल्प भूधारकांसाठी १०,००० ते ५०,००० रुपयांची लवचीक मर्यादा ठरवण्याची मुभाही बँकांना आहे.

तारणाविना मिळणाऱ्या कर्जाची मर्यादा २०१९ मध्ये १ लाखावरून १.६० लाख आणि १ जानेवारी २०२५ पासून २ लाख रुपये करण्यात आली. या मर्यादेपर्यंत जमीन गहाण घेण्याची आवश्यकता नाही. अर्थात उभे पीक तारण असतेच.

वेळेवर परतफेडीचे बक्षीस

शहरी कार्डांवर खर्चाच्या प्रमाणात गुण मिळतात आणि त्या गुणांच्या बदल्यात विमानाची तिकिटे, हॉटेलातील मुक्काम किंवा वस्तू मिळतात. किसान कार्डावर असे गुण नाहीत. येथील बक्षीस एकच, ते म्हणजे व्याजातील सूट, आणि ती खर्च केल्याबद्दल मिळत नाही, मुदतीत फेडल्याबद्दल मिळते.

२००६-०७ पासून केंद्र शासनाने बँकांना व्याज अनुदान देऊन ३ लाख रुपयांपर्यंतचे पीककर्ज ७ टक्के दराने उपलब्ध करून दिले. मुदतीत परतफेड करणाऱ्याला २००९-१० मध्ये १ टक्का, २०१०-११ मध्ये २ टक्के आणि २०११-१२ पासून ३ टक्के जादा सूट मिळू लागली. यामुळे प्रत्यक्ष दर ४ टक्क्यांवर आला. पशुपालन आणि मत्स्यव्यवसायासाठी या सवलतीची मर्यादा २ लाख रुपयांची आहे. महाराष्ट्रात डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेखाली राज्य शासन आणखी सूट देते. २०२१-२२ पासून ३ लाख रुपयांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्याला व्याज लागू नये अशी रचना करण्यात आली.

या सवलतीचे मोल आकड्यांत पाहता येते. वरील उदाहरणातील ७८,००० रुपये जूनमध्ये उचलून मार्चमध्ये, म्हणजे ९ महिन्यांनी, फेडले तर ७ टक्क्यांनी व्याज ४,०९५ रुपये आणि ४ टक्क्यांनी २,३४० रुपये होते. हीच रक्कम दरमहा शेकडा ३ रुपये दराने खाजगीत उसनी घेतली तर व्याज २१,०६० रुपये होईल. शहरी क्रेडिट कार्डाची थकबाकी दरमहा शेकडा साडेतीन दराने तितकाच काळ चालू ठेवली, तर सरळव्याजानेही ते २४,५७० रुपयांवर जाईल.

सूट मिळवण्याची अट कठोर आहे. कर्ज उचलल्यापासून जास्तीत जास्त एक वर्ष किंवा बँकेने ठरवलेली तारीख, यांपैकी जे आधी येईल तेथपर्यंतच सवलत मिळते. तारीख उलटली की ३ टक्क्यांची सूट हातची जाते आणि पुढील काळासाठी बँकेचा नेहमीचा दर लागू होतो. नैसर्गिक आपत्ती जाहीर झाल्यास कर्जाचे पुनर्गठन होऊ शकते, पण त्यासाठी शासकीय आणेवारीपासून बँकेच्या निर्णयापर्यंतची साखळी पूर्ण व्हावी लागते. शिवाय सवलतीची रक्कम बँकेला शासनाकडून उशिरा मिळते, म्हणून काही ठिकाणी शेतकऱ्याकडून आधी पूर्ण व्याज भरून घेतले जाते आणि सूट मागाहून खात्यात जमा होते.

या अटीतून ग्रामीण भागात ‘नवे-जुने करणे’ हा व्यवहार रुजला आहे. मार्चअखेरीस हाती पैसा नसलेला शेतकरी चार-आठ दिवसांसाठी सावकाराकडून किंवा नातेवाइकाकडून रक्कम घेतो, बँकेत भरतो, कागदोपत्री कर्ज फिटले की नवे कर्ज उचलतो आणि उसनवारी परत करतो. बँकेच्या वहीत तो नियमित कर्जदार ठरतो. वस्तुतः त्याचे कर्ज तेवढेच राहिलेले असते आणि मधल्या आठवड्याचे व्याज मात्र त्याने सावकाराला मोजलेले असते. व्याज सवलतीचा काही भाग अशा रीतीने सावकाराच्या घरी जातो, याची नोंद कोणत्याही अहवालाच्या रकान्यात होत नाही.

निमंत्रणाने मिळणारी कार्डे

दुर्मीळ कार्ड म्हटले की सहसा वेगळीच कार्डे डोळ्यांसमोर येतात. १९५० साली अमेरिकेत डायनर्स क्लबचे कार्ड निघाले, त्या वेळी ते मोजक्या सभासदांसाठीच होते. भारतीय बँकांमध्ये मुंबईच्या सेंट्रल बँक ऑफ इंडियाने १९८० मध्ये स्वतःचे क्रेडिट कार्ड आणून या क्षेत्रात पहिले पाऊल टाकले. अमेरिकन एक्सप्रेसने १९९९ मध्ये सुरू केलेले काळ्या रंगाचे सेंच्युरियन कार्ड अर्ज करून मिळत नाही, कंपनी स्वतः निवडक ग्राहकांना निमंत्रण देते. भारतात एचडीएफसी बँकेचे इन्फिनिया हे याच जातकुळीतील कार्ड होय.

या कार्डांच्या बक्षिसांचा खर्च अंशतः दुकानदाराकडून घेतल्या जाणाऱ्या शुल्कातून, अंशतः वार्षिक वर्गणीतून आणि अंशतः थकबाकी ठेवणाऱ्या इतर ग्राहकांच्या व्याजातून निघतो. किसान कार्डावरील सवलतीचा खर्च सरकारी तिजोरीतून होतो. दोहोंत दाराशी अडवणारा पहारेकरीही वेगळा आहे. निमंत्रणाचे कार्ड उत्पन्न आणि खर्चाच्या सवयी पाहून दिले जाते. किसान कार्ड कष्ट किंवा पिकाची प्रत पाहून दिले जात नाही. त्याच्यासाठी जमिनीच्या कागदावरील नाव पाहिले जाते.

गोंदिया जिल्ह्यातील स्थिती

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. त्यात गोंदिया, गोरेगाव, तिरोडा, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव हे आठ तालुके आहेत. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा प्रदेश धान आणि तलाव यांसाठी प्रसिद्ध आहे. मालगुजारांच्या काळात बांधलेले तलाव, ज्यांना लोक ‘मामा तलाव’ म्हणतात, आजही सिंचन आणि मासेमारीसाठी उपयोगी पडतात. पीककर्जाचे वाटप जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक, तिच्याशी संलग्न गावोगावच्या सेवा सहकारी संस्था आणि राष्ट्रीयीकृत बँका यांच्यामार्फत होते. सेवा सहकारी संस्थेकडून कर्ज घेताना सभासदाला कर्जाच्या प्रमाणात संस्थेचे भागभांडवलही भरावे लागते.

योजनेच्या मूळ मार्गदर्शक सूचना उदार आहेत. जमीनमालकांबरोबर कूळ, तोंडी कराराने शेती करणारे, बटईदार आणि त्यांचे संयुक्त देयता गट या सर्वांना त्या पात्र मानतात. व्यवहारात मात्र बँक सातबारा आणि आठ अ मागते, त्यावर इतर बँकांचा बोजा नाही ना हे पाहते, ना-देय दाखले घेते आणि मोठ्या रकमेसाठी वकिलाचा शोध अहवालही मागते. मुर्रीसारख्या गोंदिया शहराजवळच्या गावांत किंवा थेट देवरीच्या जंगलपट्ट्यात, ज्याच्या बांधीत धान आहे त्याचे नाव सातबारावर नसले, तर पात्रतेच्या यादीतील त्याचे स्थान केवळ कागदी राहते.

मालक करार लिहून का देत नाही, याचे उत्तर कायद्याच्या इतिहासात आहे. विदर्भाला लागू असलेल्या १९५८ च्या कूळवहिवाट कायद्याने कसणाऱ्याला संरक्षण आणि काही परिस्थितीत मालकीचा हक्क दिला. हेतू न्यायाचा होता. कालांतराने त्याचा उलटा परिणाम असा झाला की, जमीन लेखी कराराने दिली तर ती कुळाच्या नावे लागेल, ही धास्ती मालकांच्या मनात घर करून बसली. त्यामुळे बटई आणि ठेका हे व्यवहार तोंडी होऊ लागले, बरेचदा एकाच हंगामापुरते. कसणाऱ्याच्या रक्षणासाठी झालेल्या कायद्याच्या भीतीनेच त्याच्या हातचा कागद काढून घेतला. नीती आयोगाने २०१६ मध्ये नमुना जमीन भाडेपट्टा कायदा प्रसिद्ध करून मालकी सुरक्षित ठेवत पट्टेदाराला कर्ज आणि विमा मिळावा असा मार्ग सुचवला. जमीन हा राज्याचा विषय असल्याने त्याचा स्वीकार राज्यांवर अवलंबून आहे.

याचा दुसरा परिणाम अधिक खटकणारा आहे. जमीन बटईने दिलेला मालक स्वतःच्या सातबारावर पीककर्ज घेऊ शकतो. ४ टक्के किंवा शून्य व्याजाची ती रक्कम त्याने शेतीत घातलीच पाहिजे, यावर परिणामकारक देखरेख नाही. तो ती मुदत ठेवीत ठेवू शकतो, किंवा बटईदारालाच चढ्या व्याजाने देऊ शकतो. बियाणे, खत आणि मजुरीचा खर्च पेलणारा बटईदार तोवर कृषी केंद्राच्या उधारीवर किंवा सावकाराच्या पैशावर रोवणी उरकतो. सवलत शेतीच्या नावाने दिली जाते आणि शेती करणाऱ्यापर्यंत पोचत नाही, हा योजनेच्या रचनेतील सर्वांत मोठा दोष मानावा लागतो.

सातबारावर नाव असूनही अडचण संपत नाही. वडिलांच्या मृत्यूनंतर वारसांची नावे लागतात, परंतु जमिनीची वाटणी होत नाही. मग सामाईक खात्यावरील कर्जासाठी सर्व सहधारकांची संमती लागते. एक भाऊ नागपूरला, दुसरा रायपूरला आणि बहीण सासरी असेल, तर गावात राहून शेती सांभाळणाऱ्याला चार सह्यांसाठी चार गावे फिरावी लागतात. फेरफार रखडला तर तेवढाही मार्ग उरत नाही.

स्त्रियांची स्थिती याहून बिकट आहे. धानाच्या रोवणीत आणि निंदणात बहुतांश हात स्त्रियांचे असतात, सातबारावर मात्र त्यांची नावे क्वचितच आढळतात. पतीने जमिनीचा काही भाग पत्नीच्या नावे करावा, यासाठी शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ हा कार्यक्रम राबवला होता. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्क दिला. असे हक्क फेरफार नोंदीत उतरेपर्यंत बँकेच्या दृष्टीने ते अस्तित्वातच नसतात.

देवरी, सालेकसा आणि अर्जुनी मोरगाव तालुक्यांतील आदिवासी शेतकऱ्यांपुढे आणखी एक प्रश्न असतो. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली मिळालेला वैयक्तिक पट्टा वारसाने पुढे जातो, पण तो विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. आदिवासींच्या हातून जमीन जाऊ नये म्हणून ही तरतूद आवश्यकच होती. परंतु गहाण ठेवता न येणाऱ्या जमिनीवर कर्ज देण्यास बँका नाखूश असतात. तारणमुक्त कर्जाची मर्यादा २ लाखांवर गेल्यामुळे लहान पट्टेधारकांच्या बाबतीत हा आक्षेप आता नियमाला धरून राहिलेला नाही.

तलावांवरील मच्छीमार

मत्स्यव्यवसायासाठीच्या किसान कार्डाचा गोंदिया जिल्ह्याशी विशेष संबंध आहे. येथील धिवर समाज पिढ्यान्‌पिढ्या तलावांवर मासेमारी करतो. मत्स्यबीज, जाळी, डोंगे आणि खाद्य यांसाठी त्याला हंगामी भांडवल लागते. योजनेनुसार मच्छीमार, मत्स्यपालक, बचत गट आणि महिला गट पात्र आहेत, मात्र अर्जदाराकडे तलाव स्वतःच्या मालकीचा किंवा भाडेपट्ट्याने असावा लागतो. तलावाचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेच्या नावे असतो, व्यक्तीच्या नव्हे. त्यामुळे एकट्याने अर्ज करणाऱ्या सभासदाला संस्थेचे सभासदत्व, ठेक्याची प्रत आणि आपल्या वाट्याचे काम हे सारे बँकेला पटवून द्यावे लागते. शेतकऱ्याचा सातबारा असतो, तलावात जाळे टाकणाऱ्याचा असा कोणताही उतारा नसतो.

पीक विमा आणि कार्ड

२०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत कर्जदार शेतकऱ्यांना विमा सक्तीचा होता. २०२० च्या खरीप हंगामापासून तो ऐच्छिक झाला. तरीही कार्डधारकाने नोंदणीच्या अंतिम तारखेच्या किमान ७ दिवस आधी बँकेला लेखी कळवले नाही, तर हप्ता खात्यातून वळता होतो. विमा नको असलेल्यांनी आणि हप्ता का कापला गेला याचे आश्चर्य वाटणाऱ्यांनी ही बाब ध्यानात ठेवणे उपयुक्त आहे.

कर्जमाफीचा परिणाम

२००८ मधील केंद्राची कर्जमाफी, २०१७ मधील छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना आणि २०१९ मधील महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना यांनी थकबाकीदारांना मोठा दिलासा दिला. शेवटच्या योजनेत २ लाख रुपयांपर्यंतचे थकीत पीककर्ज माफ झाले. संकटात सापडलेल्या शेतकऱ्याला अशा दिलाशाची गरज होती, हे निर्विवाद आहे. परंतु वेळेवर फेडणाऱ्याला सूट आणि न फेडणाऱ्याला माफी, अशा दोन परस्परविरोधी सूचना एकाच कार्डधारकाला मिळू लागल्या. नियमित कर्जदारांची नाराजी दूर करण्यासाठी २०१७ मध्ये २५,००० रुपयांपर्यंत आणि नंतर ५०,००० रुपयांपर्यंत प्रोत्साहनपर रक्कम देण्याचा निर्णय झाला. माफीची घोषणा आणि प्रत्यक्ष रक्कम जमा होणे यांमधील काळात थकबाकीदाराला नवे कर्ज मिळत नाही, त्यामुळे माफीची वाट पाहणारा शेतकरी त्या हंगामात हटकून खाजगी कर्जाकडे वळतो. ज्यांना कार्ड मिळालेलेच नव्हते, त्यांच्या सावकारी कर्जाचा या तिन्ही योजनांत विचार नव्हता.

अलीकडील बदल

फेब्रुवारी २०२० मध्ये पीएम-किसान सन्मान निधीच्या लाभार्थ्यांना कार्ड देण्याची मोहीम सुरू झाली आणि त्यासाठी एका पानाचा सोपा अर्ज तयार करण्यात आला. पीएम-किसानची पात्रता जमीनधारणेवर आधारित असल्याने मोहिमेचा रोख पुन्हा सातबाराधारकांकडेच राहिला. पीककर्जासाठी सिबिल गुणांकनाची अट घालू नये, असे महाराष्ट्र शासनाने बँकांना वारंवार बजावले आहे. २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या पुढाकाराने मध्य प्रदेश आणि तमिळनाडूत किसान कार्डाची मंजुरी पूर्णतः संगणकीय पद्धतीने देण्याचा प्रयोग सुरू झाला. बँकेत खेटे न घालता मंजुरी मिळावी, हा त्याचा उद्देश. १ फेब्रुवारी २०२५ रोजी सादर झालेल्या केंद्रीय अर्थसंकल्पात व्याज सवलतीची मर्यादा ३ लाखांवरून ५ लाख रुपये करण्याचे जाहीर झाले. ही वाढ प्रामुख्याने मोठ्या क्षेत्राच्या आणि बागायती पिकांच्या शेतकऱ्यांना उपयोगी आहे. एक-दीड एकर धान असलेल्याची मर्यादा मुळातच जुन्या कमाल रकमेच्या पुष्कळ खाली असते.

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली असून शेतात कोणते पीक आहे याची नोंद शेतकरी स्वतः भ्रमणध्वनीवरून करू शकतो. ॲग्रिस्टॅक प्रकल्पाखाली प्रत्येक शेतकऱ्याला स्वतंत्र ओळख क्रमांक दिला जात आहे. हा क्रमांक जमिनीच्या अभिलेखाशी जोडलेला आहे. भूमिहीन कसणाऱ्यांसाठी सध्या उपलब्ध असलेला मुख्य मार्ग संयुक्त देयता गटाचा आहे. त्यात ४ ते १० जण एकमेकांची हमी घेऊन जमिनीच्या तारणाशिवाय कर्ज मागू शकतात. असा अर्ज जवळच्या बँक शाखेत करता येतो आणि गट बांधणीसाठी नाबार्डच्या जिल्हा कार्यालयाचे मार्गदर्शन मिळू शकते.